माझ्या आजीचा अंगठा रद्दीत गेला

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी एका रेकॉर्ड रूमचं उत्तर आलं: १९७२-७३ च्या दुष्काळी कामांचे हजेरीपट मुदत संपल्याने नष्ट केले. याच कार्यालयाने मार्चमध्ये लेखी कळवलं होतं, 'गठ्ठे आहेत, पावसाळ्यानंतर या.' पावसाळा सरला आणि गठ्ठेही गेले.

माझी आजी त्या कामावर खडी फोडायची. हातोडी बसून करंगळी वाकडी झाली, ती मरेपर्यंत तशीच राहिली. मिळालेली सुकडी अर्धी खायची, अर्धी पदरात बांधून माझ्या वडिलांसाठी आणायची. तिला लिहिता येत नव्हतं. उभ्या जन्मात सरकारी कागदावर तिची खूण उमटली ती त्या हजेरीपटावर, जांभळ्या शाईचा अंगठा. तो एकदा बघायचा होता. दोन वर्षांत सात खेपा घातल्या, एसटीने, दर वेळी रजा टाकून. तिथे ऐकायला काय मिळालं? 'बाई, त्यात बघायचंय काय, नुसते अंगठे!'

नुसते अंगठे? मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं राज्यात दुष्काळी कामांवर होती. त्यांच्या घामावर १९७७ चा रोजगार हमी कायदा उभा राहिला, आणि त्याचा मोठेपणा तुम्ही लोक प्रत्येक भाषणात सांगता. १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी मजुरी कापून एक पौंड धान्य आणि एक आणा केली, मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' या संस्थेने सरकारकडे अर्जावर अर्ज धाडले. ते सगळं आजही वाचायला मिळतं. इंग्रजांच्या राज्यातली भूक कागदावर आहे. आपल्या राज्यातली माझी आजी कुठेच नाही.

जुने सातबारे, फेरफार स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत, कारण त्यात जमीन आहे. जमीनवाल्याचा पणजोबाही जपायचा आणि भूमिहीन बाईचा अंगठा मुदत संपली म्हणून रद्दीत घालायचा, हे ठरवलं कोणी? आमच्या माणसांनी फक्त राबायचं, मोजणीत यायचं आणि पुसलं जायचं, हेच चाललंय पिढ्यान् पिढ्या. सरकारी कागद जपायचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा मग कोणासाठी केलात?

दुष्काळी कामांचा एकही कागद यापुढे नष्ट करू नका. कोणते कागद काढणार त्याची यादी आधी गावच्या चावडीवर लावा. आणि शेजारच्या तालुक्यात अजून अकरा गठ्ठे आहेत, खालच्या फडताळात, ओल आलेल्या भिंतीला टेकून. मी परवाच बघून आले. ते तरी या आठवड्यात उचलून पुराभिलेखागारात न्या.

आपली,
खडी फोडणाऱ्या बाईची नात