चौथा खट्

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आपला अबोला सुरू होऊन दीड वर्ष झाले. मध्यंतरी दोनदा पत्र लिहायला घेतले आणि अर्धवट ठेवून दिले. आज मात्र जे घडले ते तुझ्यावाचून कोणाला सांगून उपयोग नाही. आमच्याकडे सर्व ठीक आहे. आईचा गुडघा पूर्वीसारखाच.

आपण दोघांनी जोडलेला तो संगणक गेले दोन महिने रडतखडत चालत होता. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे बरी जात, मग साधी फाइल उघडतानाही पडदा गोठल्यासारखा होई. दुरुस्तीवाल्याने नवा घ्या म्हणून सांगितले, घरातल्यांनीही तेच धरले. मला ते पटेना, कारण "आधी आकडे बघ, मग दोष ठरव" हे तुझे पालुपद डोक्यात होते. संगणक आत काय करतो ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, तर मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ असलेला आणि जोर लागला की सहाही कोअरवर ४ पर्यंत जाणारा आपला आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसर ऐन कामाच्या वेळी ०.८ वर येऊन बसलेला दिसला.

तरी मी आधी नको तिथेच शोधत राहिलो. व्हायरस असेल म्हणून दोन दिवस घालवले. पॉवर प्लॅनमधली प्रोसेसरची कमाल मर्यादा पाहिली, ती १०० टक्केच होती. बायोसमधली सेटिंग मूळपदावर आणली. तापमान पाहायचे सुचले ते सर्वांत शेवटी. काही न करता ७८ अंश, आणि एक व्हिडिओ रूपांतराला लावताच दहा सेकंदांत १००! त्या प्रोसेसरची मर्यादाच १०० अंशांची आहे; ती गाठली की जळू नये म्हणून तो आपणहून वेग उतरवतो. बिचारा स्वतःचा जीव वाचवत होता आणि आम्ही त्याला म्हातारा ठरवून मोकळे झालो होतो.

पंखा व्यवस्थित फिरत होता, त्यामुळे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या कूलरवर संशय जाईना. शेवटी मशीन बंद करताक्षणी झाकण काढून कूलरच्या पात्यांना बोट लावले, तर ती जेमतेम कोमट. खाली १०० अंश आणि वर कोमट, म्हणजे उष्णता मधेच अडली होती. टॉर्च धरला तेव्हा दिसले की कूलर ज्या चार खुंट्यांनी मदरबोर्डवर बसतो, त्यांतली मेमरीच्या बाजूची वरची खुंटी अर्धी वर आली आहे आणि कूलर त्या कोपऱ्यात तिरपा झाला आहे.

आठवते ना कूलर बसवला ती रात्र? खुंटी पुरती बसली की खट् वाजते. "खट् तीनदाच वाजलं," असे तू म्हणालास, मी चारदा म्हणून अडून बसलो. तू पुन्हा काढून बघू म्हणत होतास आणि मी हात लावू दिला नाही. त्या पहाटे पुढे जे झाले त्यात तुझेही चुकले, हे मी आजही म्हणेन. पण खुंटीबाबत तूच खरा होतास.

प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी सुकली होती. ती अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, आणि खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबल्या. चारही आवाज मोजले. एवढ्यावर न थांबता बोर्डाच्या मागच्या बाजूने प्रत्येक खुंटी पूर्ण बाहेर आली आहे की नाही, तेही पाहिले. आता रिकामा असताना ३८ अंश, आणि अर्धा तास पूर्ण ताण देऊनही ६७ च्या वर जात नाही. वेग ४ वर स्थिर. तो आकडा हलत नाही हे पाहत मी बराच वेळ नुसता बसून होतो, आणि शेजारी तू हवा होतास.

तुझ्या बदलीचे दादाकडून कळले. नवी जागा मानवली का? वहिनींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

आणखी एक. तुझा संगणकही आपण त्याच आठवड्यात जोडला होता, आणि त्याच्या खुंट्या मीच दाबल्या होत्या. हे पत्र वाचून होताच एकदा झाकण उघडून बघ, आणि काय दिसले ते मला कळव.

तुझाच,
मित्र