फोटोतले काजवे आणि झाडावरचे काजवे

संगमनेर

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

भंडारदऱ्याहून काजवे बघून परतल्यावर तू केलेला मेसेज वाचला. ‘बाबा, फोटोत झाडं नुसती पेटलेली असतात, आणि तिथं गेलं तर कुठं कुठं लुकलुक. सगळं एडिटिंग आहे, फसवतात लोकांना.’ तू इतकी हिरमुसली होतीस की दोन ओळींत उत्तर द्यावंसं वाटेना. पावसामुळे स्टुडिओत वर्दळ नाही, म्हणून निवांत लिहायला बसलो.

तो फोटो खोटा नाही गं. तो एका क्षणाचा नाही, एवढंच. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवतात, शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवतात, मिटतात, पुन्हा उघडतात. असं बराच वेळ चालतं. मग त्या सगळ्या फ्रेम कॉम्प्युटरवर एकावर एक चढवतात. एकच काजवा उडता उडता दहा वेळा चमकला, तर फोटोत दहा ठिपके येतात. तू बघितलास त्या फोटोतले ठिपके म्हणजे तितके काजवे नव्हेत, ती बऱ्याच वेळाची चमचम आहे. आपला डोळा प्रकाश असा साठवू शकत नाही. क्षणात जेवढं येईल तेवढं बघतो आणि सोडून देतो. फिल्म किंवा सेन्सर म्हणजे पागोळीखाली ठेवलेली घागर, थेंब थेंब जमत राहतो.

हे काही मोबाइलच्या जमान्यात सुरू झालेलं नाही. 1838 साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता गजबजलेला, घोडागाड्या, माणसं. पण त्या वेळी एका फोटोला काही मिनिटं लागायची. त्यामुळे जे जे हलत होतं ते सगळं पुसलं गेलं. रस्ता ओस. फक्त कोपऱ्यात एक माणूस दिसतो, एक पाय वर ठेवून उभा, कारण तो बूट पॉलिश करून घेत होता. माणूस ओळखू येतो असा तो जगातला सगळ्यात जुना ज्ञात फोटो. त्या सकाळी रस्त्याने किती लोक गेले असतील, आणि उरला तो थांबलेला. मी तो फोटो भिंग लावून पाहिलाय. पायाचा तो वाकलेला कोन स्पष्ट दिसतो, चेहरा मात्र नाही.

आणि दुसरं टोक सांगतो, हे तुला जास्त आवडेल. 1995 च्या डिसेंबरमध्ये हबल ही अंतराळातली दुर्बीण सप्तर्षींजवळच्या आकाशाच्या एका बारीकशा तुकड्यावर रोखून ठेवली. जमिनीवरच्या दुर्बिणींना तिथं जवळपास काहीच दिसत नव्हतं. एवढ्या महागड्या दुर्बिणीचा वेळ रिकाम्या जागेवर कशाला घालवायचा, असं पुष्कळ जाणत्यांनी सुनावलं होतं. पण त्या दुर्बिणीचं काम बघणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी स्वतःच्या अधिकारातला वेळ त्यासाठी दिला. 18 ते 28 डिसेंबर, चार वेगवेगळ्या फिल्टरमधून, 342 फ्रेम. त्या एकत्र केल्या तेव्हा त्या ‘रिकाम्या’ जागेत सुमारे 3000 दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे अवाढव्य समूह, निघाल्या. काहींचा प्रकाश 1000 कोटी वर्षांहून जास्त प्रवास करून आलेला. त्यातले रंगसुद्धा नंतर जुळवलेत, म्हणजे तुझ्या भाषेत एडिटिंगच की. पण त्या दीर्घिका आहेत. कुणीही, कुठल्याही रात्री, नुसत्या डोळ्यांनी ते दृश्य बघू शकणार नाही, आणि तरी ते खरं आहे. मला अजूनही तो फोटो समोर आला की हातातलं काम बाजूला ठेवावंसं वाटतं.

आता काजव्यांकडे येतो. फोटोत प्रकाश जमा होतो, पण एक गोष्ट हमखास हरवते. ती म्हणजे ताल. सादडा, हिरडा, बेहडा, अशा एखाद्या झाडावर काजवे भरपूर असले की ते एकाच वेळी चमकतात, एकाच वेळी विझतात. अख्खं झाड श्वास घेतल्यासारखं. मग पलीकडचं झाड सुरू होतं. हे कुठल्याही फोटोत येणार नाही, कारण फोटोत मधला अंधार उरतच नाही. तू त्या फोटोला शोधत राहिलीस, आणि जे फक्त डोळ्यालाच दिसू शकतं ते राहून गेलं, असं मला वाटतं.

त्यात तुझा दोष नाही. शनिवारची गर्दी, गाड्यांचे हेडलाइट, जो तो मोबाइलचा टॉर्च मारतोय. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोतात ती सगळी मेहनत वाया जाते. आणि काजव्यांचं तर आयुष्यच त्या उजेडावर अडलेलं असतं. नर चमकून मादीला हाक देतो, मादी उत्तर देते. आपला झोत पडला की ती हाक पोचतच नाही. अळी म्हणून महिनोन् महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढायचे, आणि पंख फुटल्यावर हातात उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. त्यातली एक रात्र आपण आपल्या हौसेपायी घालवायची, हे मला सहन होत नाही. आम्ही फोटोवाल्यांनी तर सगळ्यात जास्त जपायला हवं, कारण आमचे फोटो बघूनच ही गर्दी तिथं जाते.

तू लहान असताना डार्करूममध्ये विचारायचीस, इथं लाल दिवाच का. ब्लॅक अँड व्हाइटच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही, म्हणून. अंधाराला सरावलेल्या डोळ्यालाही तो फारसा खुपत नाही, आणि बऱ्याच जातींच्या काजव्यांनाही पांढऱ्यापेक्षा त्याचा त्रास कमी होतो. ते लाल जिलेटीन पेपर अजून कपाटात आहेत, बॅटरीवर लावायला एक कापून ठेवतो.

पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला, पहिला मोठा पाऊस पडायच्या आधी, ये. शनिवार-रविवार नको, मधल्या वारी सुट्टी टाक. घाटघरच्या बाजूला जाऊ, गाडी लांब उभी करून चालत. रस्ता सोडून गवतात उतरायचं नाही, पायाखाली काय असतं ते कळत नाही. पहिला तासभर कॅमेरा बॅगेतच. एखादा काजवा आपणहून हातावर आला तर बघ, पोटाच्या टोकाची शेवटची पेरं पिवळसर हिरवी उजळतात आणि ऊब म्हणून लागत नाही. त्याच्या उजेडात तळहातावरची रेष दिसते.

नंतर तुला फोटो काढायचाच असेल तर मी शिकवीन. फ्लॅश बंद, मागचा स्क्रीन झाकलेला, फोकस उजेड असतानाच लावून ठेवायचा. शटरची केबल माझ्याकडे आहे. आईनं भाकरी-पिठलं बांधून द्यायचं कबूल केलंय, तिलाही यायचंय म्हणे. तारखा ठरल्या की कळव, म्हणजे तिथं मुक्कामाचं आधीच बोलून ठेवतो.

तुझे,
बाबा