सतरा उद्दिष्टांचा मेळ जिल्ह्यातच बसू शकतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी सप्टेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांची मुदत २०३० साली संपते. त्यासाठी भारताने उभी केलेली व्यवस्था कागदावर नेटकी आहे. देखरेख नीती आयोगाकडे असून कोणते उद्दिष्ट कोणत्या मंत्रालयाने कोणत्या योजनेतून गाठायचे, याची वाटणी आयोगाने करून दिली आहे; निर्देशकांची राष्ट्रीय चौकट सांख्यिकी मंत्रालय सांभाळते आणि गावापर्यंत ही उद्दिष्टे नेण्याचे काम पंचायत राज मंत्रालय करते. या साखळीच्या शेवटच्या कडीवर, ग्रामविकास अधिकारी म्हणून मी काम केले आहे. तेथून जे दिसले ते मांडावे, एवढाच या पत्राचा हेतू.

पंचायत राज मंत्रालयाने १७ उद्दिष्टांच्या नऊ संकल्पना केल्या: गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव इत्यादी. हे शहाणपणाचे झाले, कारण 'उद्दिष्ट क्रमांक ६' असे ग्रामसभेत वाचून दाखवले असते तर चहा येण्याआधीच निम्मी सभा उठून गेली असती. आमच्या ग्रामसभेने जलसमृद्ध गाव ही संकल्पना निवडली आणि संगणक परिचालकाने पोर्टलवर आराखडा भरायला घेतला. घरात नळजोडणी आहे का, या प्रश्नापुढे जवळजवळ सगळीकडे 'होय' आले आणि त्यात खोटे काहीच नव्हते. फक्त एप्रिल उजाडला की अंगणातल्या त्याच नळांच्या तोट्यांना बायका चिंधी बांधून ठेवत, कारण कोरड्या तोटीत कुंभारीण मातीचे घर करते. पाणी चौकातल्या टँकरवरून यायचे आणि घागरी पहाटेपासून नंबराला लागलेल्या असायच्या.

नळयोजनेची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठत असे. तिच्या आजूबाजूच्या रानात ऊस होता आणि उसाला बोअरचे पाणी होते. सार्वजनिक पाणीस्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, हा राज्याचा कायदा आमच्या शेतकऱ्यांना तोंडपाठ होता. पण ऊस लावला नाही तर लावायचे काय, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. ग्रामपंचायतीला पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित म्हणून मिळे. त्यातून आम्ही जलवाहिनीची गळती काढली, टाकी धुऊन रंगवली, मोटार बदलली. विहिरीभोवतीच्या उपशाला मात्र बंधित काय आणि अबंधित काय, कोणत्याच निधीतून हात लावता येत नव्हता.

या गोष्टीत कोणत्याही एका खात्याला दोष देता येत नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. घरोघरी नळ देणे हे जलशक्ती मंत्रालयाचे काम होते व ते त्याने मोठ्या प्रमाणावर केले. २०१९ मध्ये सव्वातीन कोटींच्या घरात असलेली ग्रामीण नळजोडण्यांची संख्या आता १५ कोटींच्या पुढे गेली आहे, ही सामान्य कामगिरी नव्हे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे लक्ष्य पेट्रोलियम मंत्रालयाने अलीकडे ओढून २०२५ वर आणले, तेही स्वच्छ इंधनाच्या नावाने. उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवते आणि शेतकऱ्याला खात्रीचे असे तेवढे एकच पीक दिसते. वेगवेगळे पाहिले तर यातली प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या शाश्वत उद्दिष्टात बसते: एक पाण्याच्या, दुसरी ऊर्जेच्या, तिसरी शेतकऱ्याच्या उत्पन्नाच्या. तिन्हींना लागणारी विहीर मात्र एकच आहे.

वरच्या पातळीवर असा तिढा पडतो तेव्हा काय होते, हे डिसेंबर २०२३ मध्ये दिसले. केंद्राने ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली, आठवडाभरात ती अंशतः सैल केली आणि ऑगस्ट २०२४ अखेर निर्बंध उठवले. कारखान्यांची व्हायची ती ओढाताण झाली. त्या वेळच्या चर्चेत साखरेचा साठा होता, बाजारभाव होता, कारखान्यांची गुंतवणूक होती. भूजलाचा विषय क्वचितच कोणी काढला. कारण तो विषय वेगळ्या मंत्रालयाचा.

नियोजन आयोगाविषयी मला फार हळहळ नाही. १९५० साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने दिल्लीत बसून सगळ्या देशाला एकाच मापाचा सदरा शिवला, ही तक्रार खरी होती. परंतु योजनेची रक्कम ठरवण्यात त्याचा शब्द चालत असल्याने दोन मंत्रालयांना समोरासमोर बसवण्याची ताकद त्याच्याकडे होती. १ जानेवारी २०१५ पासून त्याची जागा नीती आयोगाने घेतली आणि पैशाचे वाटप अर्थ मंत्रालय व वित्त आयोग यांच्याकडे राहिले. नीती आयोगाच्या हाती उरली ती मुख्यतः या उद्दिष्टांवर शंभरपैकी गुण देऊन लावलेली राज्यांची क्रमवारी. तिच्यानुसार देशाचे गुण २०१८ मधील ५७ वरून २०२३-२४ च्या निर्देशांकात ७१ वर गेले, आणि पाणी व स्वच्छतेच्या सहाव्या उद्दिष्टात तर ६३ वरून ८९ वर. आमच्या गावचे चिंधी बांधलेले नळही त्या ८९ मध्ये कोठेतरी मोजले गेले असतील. त्यातच २०२१ ची जनगणना झालेली नसल्यामुळे लोकसंख्येशी भागाकार करायचा असेल तेथे अजून २०११ च्या मोजणीवर आधारलेले अंदाज वापरावे लागतात. पंचायत राज मंत्रालयाने ग्रामपंचायतींना गुण देताना मात्र हात आखडता ठेवला. २ लाख १६ हजारांहून अधिक पंचायतींच्या पहिल्या यादीत सर्वोच्च श्रेणी एकीलाही दिली नाही. मला ती यादी अधिक विश्वासार्ह वाटते.

निर्देशक आणखी वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. एकाच विहिरीवर तीन खात्यांचा हक्क असेल तर आधी कोणाचे, हे ठरवणारी जागा लागते आणि तशी जागा राज्यघटनेने नेमून दिलेली आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३ झेडडी नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असावी लागते. तिचे किमान चार-पंचमांश सदस्य पंचायती व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. आणि जिल्ह्याच्या विकास आराखड्याचा मसुदा करताना पाणी व इतर नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी आणि पर्यावरणाचे संरक्षण यांचा तिने विचार करावा, असे त्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये कायदाही केला. प्रत्यक्षात पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीचे नाव निघाले की लोकांना 'डीपीसीचा निधी' आठवतो. कोणत्या गटात किती रस्ते, कोणाच्या शिफारशीचे किती सभामंडप, यावर बैठकीत आवाज चढतात. पाण्याच्या वाटणीवर आवाज चढल्याचे मी माझ्या नोकरीत कधी ऐकले नाही.

म्हणून केंद्राला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एखादे लक्ष्य अलीकडे ओढण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे येईल, तेव्हा त्याचा पाण्यावर आणि इतर खात्यांच्या उद्दिष्टांवर काय परिणाम होईल हे लेखी मांडणे सक्तीचे करावे, आणि ती नोंद तपासून परत पाठवण्याचा अधिकार नीती आयोगाला द्यावा. दुसरे म्हणजे, केंद्रीय योजनांचा काही हिस्सा तरी जिल्हा नियोजन समितीने मंजूर केलेल्या पाणीवाटपाशी जोडावा, म्हणजे समितीला तो विषय टाळता येणार नाही. राज्याला यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत, सभामंडपांच्या यादीच्या वर, तालुकावार एक तक्ता ठेवावा: भूजल किती, त्यातले पिण्यासाठी राखून ठेवायचे किती आणि त्यानंतर उसाला उरते किती.

आपला,
एक निवृत्त ग्रामविकास अधिकारी, जि. धाराशिव