पद्मिनीचे पार्ट मिळतात. मापं घेऊन दुकानात जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या गाड्यांवर काहीही छापून आले की त्यात एक वाक्य ठरलेले असते : ‘आता पार्टच मिळत नाहीत.’ ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा तर ते फारच ऐकू आले. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेल्या आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झालेल्या या फियाटबाबत ते अर्धेच खरे आहे. कंपनीच्या छापाच्या डब्यातला पार्ट मिळत नाही, एवढेच. पण गाडीत निव्वळ कंपनीचे म्हणावे असे असते किती?

बेअरिंग घ्या. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०४ लिहिले असेल तर आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ४७, जाडी १४. मग ते फियाटमधून निघालेले असो की पिठाच्या गिरणीतून. तेल गळू न देणाऱ्या रबरी कडीचे, म्हणजे ऑइल सीलचेही तेच. शाफ्टचा (फिरत्या दांड्याचा) व्यास, सील बसतो त्या खाचेचा व्यास आणि जाडी ही तीन मापे व्हर्नियर मापपट्टीने घ्या आणि मोटार पार्टच्या नव्हे, बेअरिंग-सीलच्या दुकानात जा. ‘पद्मिनीचा सील द्या’ म्हटले की समोरून ‘बंद झाला’ हेच उत्तर येणार. दोन भागांच्या सांध्यात बसणारी कॉर्कची आणि कागदी गॅस्केटे शीट आणून घरी कापता येतात. हेड गॅस्केट मात्र विकतच घ्यावे, तिथे जुगाड नको.

कमी पैशात गाडी उभी करणाऱ्यांची खरी चूक पार्टात नसते, क्रमात असते. आधी रंग, मग सीट कव्हर, आणि ब्रेकची वेळ येईपर्यंत खिसा रिकामा. क्रम उलटा हवा.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. गाडी वर्षभर उभी राहिली की ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिते, चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडतात आणि नवे रबर किट महिन्याभरात कापले जाते. मेकॅनिक किटला दोष देतो, मालक पुन्हा किट आणतो. किट टाकण्यापूर्वी सिलिंडर पुसून उजेडात धरा आणि बोटाने आतून चाचपा. बोट अडखळले तर लेथवर बोअर (आतले भोक) वाढवून मूळ मापाची स्टीलची स्लीव्ह बसवून घ्या. मग बाजारात मिळणारे मूळ मापाचेच किट चालते. सगळ्या रबरी होज नव्या टाका आणि ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणे) पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करा : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. रबर किट पेट्रोलने धुऊ नये, ते फुगते.

त्यानंतर पुढची चाके. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर किंगपिन-बुशचा, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळते तिचा. एवढी तपासणी न करता दोन्हींचे पैसे घेणारी गॅरेजे आहेत. किंगपिन खराब होण्याचे कारण बहुधा एकच : ग्रीस भरायचे निपल मातीने बुजलेले आणि ग्रीस आत न जाता बाहेरच लागलेले. ग्रीसगन मारताना जुने काळे ग्रीस सांध्यातून बाहेर आलेले दिसले पाहिजे.

स्टिअरिंगखालचा गिअर अडकतो, ही सर्वांची तक्रार. गिअरबॉक्स उतरवण्याआधी बॉनेट उघडून लिंकेजचे रॉड हाताने हलवून पाहा. बुश झिजलेले असले तर ते नायलॉनच्या रॉडमधून लेथवर काढून मिळतात आणि खर्च गिअरबॉक्सच्या कामाच्या मानाने किरकोळ असतो.

उन्हात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडली की इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकणारे ड्रायव्हर मुंबईकरांनी पाहिलेले आहेत. इंजिनाला चिकटलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते, म्हणून तो उपाय. फडके रोजचेच झाले तर पंपाचा डायफ्राम आणि त्याखालचा उष्णतारोधक स्पेसर तपासा आणि रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करून घ्या. तो पितळ-तांब्याचा आहे, डाग देऊन दुरुस्त होतो. ‘गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकू नका. आता पेट्रोल भरायच्या पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते. जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम त्यात टिकत नाहीत, म्हणून इथेनॉलला चालणारी नळीच टाका. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. इथेनॉल पाणी ओढते.

पत्र्याकडे यानंतर वळावे. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच भार घेतो. त्यामुळे मॅटखालचा फ्लोअर आणि दरवाजाखालच्या पेट्या गंजल्या असतील तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. गंज कापून २० गेजचा पत्रा थोडा थोडा टाके घालत मिग वेल्डिंगने जोडावा, गॅसने पत्रा वाकडा होतो.

कागदांचेही बघावे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या खासगी गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा लागतो. १९७४ च्या गाड्या या वयाला आल्या आहेत. स्वस्तात मिळते म्हणून दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

खरोखर न मिळणाऱ्या वस्तू वेगळ्याच आहेत : ग्रिल, मागच्या दिव्याच्या काचा, दरवाजाच्या कड्या, काच फिरवायचे हँडल. कड्या मझाकच्या (जस्ताच्या मिश्रधातूच्या) असतात, त्यात खड्डे पडले की क्रोम नीट बसत नाही. मुंबईत सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत शोधाल तर नशिबाने मिळतील. म्हणून जुनी पद्मिनी भंगारात देणाऱ्यांना एक विनंती : या चार वस्तू आणि पुढची अखंड काच आधी उतरवून ठेवा. भंगारवाला त्यांचेही पैसे किलोवरच देतो.

आपला,
एक वाचक, पुणे