पोटात दुखतंय

सातारा,
रविवार दुपार

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "पिल्लू हल्ली चावायला लागलंय गं." तेव्हा कुकरच्या शिट्ट्यांत धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

यंदा आमच्या बालवाडीत साडेतीन वर्षांचा एक मुलगा आलाय. आई फाटकातून वळली की रोज याच्या पोटात दुखायचं. पहिले दोन दिवस मी ओव्याचं पाणी पाजलं! मग लक्षात आलं, डबा खाताना काही दुखत नाही. त्याच्याकडे शब्दच दोन, 'दुखतंय' आणि 'नको'. त्यात मावलं नाही की शेजारच्याला ढकलायचं.

एकदा कोपऱ्यात बसला होता. मी म्हटलं, "रुसलास होय रे?" केवढ्यांदा ओरडला, "नाही रुसलो!" बरोबरच होतं त्याचं. रुसणारा मनधरणीची वाट बघतो. याला धास्ती होती, आई परत येते की नाही याची. वीस वर्षं मुलांत काढूनही मी भलताच शब्द चिकटवला.

पुढे एकदा त्याचा ठोकळ्यांचा मनोरा कोसळला. ओठ थरथरायला लागले. म्हटलं, "एवढा रचला नि पडला. हिरमुसलास ना?" त्याने तो शब्द तोंडात घोळवला, "हिर-मु-सला." त्या दिवशी कुणाला ढकललं नाही. चार दिवसांनी पाणी न मिळालेल्या कुंडीतलं रोप दाखवून म्हणतो, "बाई, हे पण हिरमुसलंय."

जूडी डन या बालमानसशास्त्रज्ञ बाईंचा १९९१ सालचा अभ्यास आहे. ज्या घरांत तीन वर्षांच्या मुलांशी भावनांबद्दल जास्त बोलणं व्हायचं, ती मुलं सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या मनातलं जास्त चांगलं ओळखत होती. आमच्याकडे मात्र भिंतीवर चार चेहऱ्यांचा तक्ता: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. अगं, घरात कुठलं मूल 'मी दुःखी आहे' म्हणतं? खट्टू होणं, फुरंगटणं, ओशाळणं, बावरणं हे त्या चारांत कुठे बसवायचं? आपल्या आज्यांच्या तोंडी हे सगळं दिवसभर असायचं, आणि आपण 'सॅड' नि 'अँग्री' वर आलो.

पिल्लू चावलं की तिथल्या तिथे शिकवायला बसू नकोस. "चावायचं नाही" एवढंच सांग नि जवळ घे. रात्री अंथरुणात विषय काढ, तोही आधी स्वतःचा: "आज बस चुकली, अशी वैतागले मी!" आणि "काही नाही झालं, रडू नको" म्हणणं जमेल तेवढं कमी कर. माझ्या तोंडून अजून निसटतंच.

एक धोका सांगून ठेवते. त्या मुलाच्या आईची तक्रार आलीय. बाबा ऑफिसातून आले की हा दारातच विचारतो, "बाबा, तुम्ही हिरमुसलात का वैतागलात?" आणि उत्तर मिळेपर्यंत वाट सोडत नाही.

दिवाळीत पिल्लूला घेऊन ये. मला चावलं तरी चालेल.

तुझी,
विजू