सीमेच्या पहाऱ्याचा खर्च विकासनिधीतून नको : युरोपीय आयुक्तांना खुले पत्र

मा. जोझेफ सिकेला,
आयुक्त, आंतरराष्ट्रीय भागीदारी,
युरोपीय आयोग, ब्रुसेल्स

महोदय,
स. न. वि. वि.

मी मूळची सोलापूरची. सध्या हॅम्बुर्गला नोकरी करते, इथे कर भरते, आणि त्या करातला थोडासा वाटा आपल्या खात्यापर्यंतही पोहोचतो. २०२८ ते २०३४ या काळासाठी आयोगाने ‘ग्लोबल युरोप’ नावाने सुमारे २०० अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला आहे. स्थलांतर रोखायला जो देश साथ देईल त्याच्याकडे मदतीचा हात सैल सोडायचा आणि जो देणार नाही त्याच्याकडे आखडता घ्यायचा, अशी सोय त्यात ठेवली आहे. ती काढून टाका, एवढ्यासाठी हे पत्र.

हा प्रयोग एकदा होऊन गेलेला आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये माल्टाच्या व्हॅलेटा शहरात आफ्रिकेसाठी आपत्कालीन निधी उभा राहिला आणि पुढे तो पाच अब्ज युरोंच्या घरात गेला. त्यातला बहुतेक पैसा विकासासाठी राखून ठेवलेलाच होता. या निधीतून सर्वाधिक वाटा मिळालेल्या देशांत नायजर होता, जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक.

नायजरमधल्या अगादेझ शहराचं काय झालं ते बघा. सहारात पर्यटक येईनासे झाल्यावर तिथल्या वाटाड्यांनी आणि ड्रायव्हरांनी प्रवासी वाहतूक धरली. दर सोमवारी लष्कराच्या संरक्षणात गाड्यांचा तांडा उत्तरेकडे, लिबियाच्या दिशेनं निघायचा. हायलक्स पिकअपच्या हौद्यात माणसं दाटीवाटीनं बसवलेली, कडेच्या माणसांना धरायला काठ्या खोचलेल्या, बाजूला गोणपाटात गुंडाळलेले पाण्याचे कॅन लटकवलेले. सगळं उघडपणे चालायचं. पश्चिम आफ्रिकेच्या देशांमधल्या मुक्त संचाराच्या करारात तेव्हा नायजरही होता, त्यामुळे अगादेझपर्यंत येणारे बहुतेक प्रवासी कायद्यानेच येत होते. स्थलांतरितांची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी नायजरनं केलेला २०१५ चा कायदा २०१६ पासून कडकपणे राबवला गेला आणि हाच धंदा गुन्हा ठरला. गाड्या जप्त झाल्या, ड्रायव्हर तुरुंगात गेले. दुसरा धंदा उभा करायला मदत मिळेल असं आश्वासन होतं, ती मोजक्याच लोकांना मिळाली. प्रवास मात्र थांबला नाही. गाड्या विहिरी आणि चौक्या टाळून आडवाटेनं जाऊ लागल्या. अशा वाटेवर गाडी बंद पडली की मदतीला कुणी येत नाही.

जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि नोव्हेंबरमध्ये तो कायदा रद्द केला. म्हणजे एवढे पैसे ओतून जे उभं केलं, ते एका फर्मानात संपलं. त्याच पैशातून विहिरी, दवाखाने झाले असते तर ते सरकार बदललं तरी लोकांकडेच राहिले असते.

लिबियाबद्दल लिहिताना हात जड होतो. तिथल्या तटरक्षकांना युरोपनं बोटी दिल्या, प्रशिक्षण दिलं. त्यांनी २०१७ पासून एक लाखाहून जास्त माणसांना भूमध्य समुद्रातून परत नेलं. परत नेलं म्हणजे कुठे? ज्या कोठड्यांमध्ये मारहाण, बलात्कार आणि खंडणी चालते तिथे. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीनं मार्च २०२३ मध्ये स्थलांतरितांवरच्या या अत्याचारांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटलं आणि युरोपच्या मदतीकडेही बोट दाखवलं. २०२४ मध्ये खुद्द युरोपच्या लेखापरीक्षकांनी नोंदवलं की आफ्रिकेसाठीच्या त्या आपत्कालीन निधीत मानवी हक्कांच्या धोक्यांकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही. आपल्याच तपासनिसांचं तरी ऐका.

गरिबी हटली की लोक घर सोडणार नाहीत, हे गृहीतकही तपासून पाहायला हवं. अगदी गरीब माणसाकडे प्रवासाचे पैसे नसतात, थोडी ऐपत आली की तो निघतो. माझ्या घरी शिक्षणकर्ज काढण्याइतकी पत आली, म्हणून मी इथवर आले. मदत मोजायची तर पोरं शाळेत टिकली का, बाळंतपणात बायका वाचल्या का, यावर मोजावी. किती लोक बोटीत चढले नाहीत, हे तिचं माप होऊ शकत नाही.

आपल्या सीमेवर कोण येतं हे ठरवण्याचा हक्क युरोपला आहे, तो मी नाकारत नाही. पण सीमेच्या पहाऱ्याचा खर्च आपला आहे, तर आपल्याच खात्यावर टाका. वॉर्सातली फ्रॉन्टेक्स ही युरोपची सीमारक्षक संस्था आहे, सीमा व्यवस्थापनाचा वेगळा निधी आहे. तिथे मांडलेला खर्च सीमेचा खर्च म्हणूनच संसदेपुढे येतो आणि त्यावर उघड वाद घालता येतो. विकासाच्या नावाखाली तो दडवला की मत देणाऱ्याला कळत नाही आणि ज्याच्या नावानं पैसा काढला त्यालाही मिळत नाही. युरोपीय संघाच्या कामकाजाविषयीच्या करारातलं २०८ वं कलम विकास सहकार्याचं मुख्य उद्दिष्ट दारिद्र्य कमी करणं आणि अखेर संपवणं असं सांगतं. त्या कलमात गस्ती बोटी कशा बसवणार?

तेव्हा ‘ग्लोबल युरोप’च्या मसुद्यातून स्थलांतराची अट वगळावी, सीमा नियंत्रणाचा सगळा खर्च गृहखात्याच्या निधीत हलवावा, आणि लिबियात परत नेलेल्या माणसांचं पुढे काय होतं हे स्वतंत्रपणे तपासलं जाईपर्यंत तिथल्या तटरक्षकांना युरोपचा एक युरोही देऊ नये. यांपैकी कोणती गोष्ट आपण करणार आणि कोणती नाही, ते कृपया लेखी कळवावे.

आपली,
हॅम्बुर्गमधील एक मराठी करदाती