आजीच्या लुगड्याला कात्री लावली आहे

पुणे, १६ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवायचं. आईने चष्मा शोधायचा नाही. फोनवर सांगणार होते, पण आई मध्येच ‘जेवलीस का’ विचारते आणि सांगायचं राहून जातं. असं तीनदा झालं.

तर सांगते. आजीचं इरकली लुगडं, हिरव्या अंगाचं, गोमी काठाचं, जे आईने गणपतीत ‘जपून ठेव’ म्हणून माझ्या हातात दिलं होतं, ते मी कापलं. कापून, शिवून, इस्त्री करून झालं. त्याचं जाकीट केलंय. आत्याकडच्या लग्नात मी तेच घालणार आहे. मांडवात आत्याने ओळखायच्या आधी तुम्हाला कळलेलं बरं.

बाबा, इथे थांबून घोटभर पाणी प्या.

लुगडं घडीवर विरलं होतं हो. उजेडात धरलं की घडीच्या रेषांवर चाळणी दिसायची. नेसलं असतं तर पहिल्यांदा खाली बसतानाच फाटलं असतं. ट्रंकेत ठेवून तरी काय झालं असतं? आणि आजीची बाकीची लुगडी गोधड्यांतच गेली ना? तेव्हा कुणी हळहळलं नाही. उलट आजीच अंगणात बसून धावदोरा घालायची. तरी सांगते, आठ दिवस ते टेबलावर पसरून ठेवलं होतं. कात्री उचलायची आणि चहा करायला जायचं, असं चाललं होतं. शेवटी विरलेल्या भागावर खडूने खुणा केल्या, धड राहिलेल्या कापडाला मागून मलमल लावली आणि एका रविवारी सकाळी आंघोळ करून कापायला बसले. आंघोळ का, ते विचारू नका.

एक जागा मात्र कापली नाही. इरकलच्या पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो. त्याचे फास अंगाच्या ताण्यात अडकवतात आणि मग पदर विणतात. इलकलचे, म्हणजे इरकली जिथली त्या कर्नाटकातल्या गावचे, विणकर त्याला टोपे-तेनी म्हणतात. बोट फिरवलं की त्या सांध्यावर बारीक गाठींची रांग लागते. बाबा, तुम्ही लहानपणी आजीच्या पदराशी काहीतरी चाळा करत झोपायचात असं आत्या सांगते, ते बहुतेक हेच असणार. तो सांधा मी पाठीवर आडवा आणलाय. वर लाल पदर, खाली हिरवं अंग. तो अखंड राहावा म्हणून पाठीला मधली शिलाईच घेतली नाही. लग्नात माझ्या मागे बसा, म्हणजे दिसेल. काजं हाताने केलीत. वरची दोन बघू नका, तिसऱ्यापासून जमलीत.

आता दुसरं. यंदाच्या १ जानेवारीपासून मी एकही कपडा विकत घेतलेला नाही (आतले सोडून. बाबा, कंसातलं मोठ्याने वाचू नका). कपाटात सात कुडते, दोन पँट, एक शर्ट, दोन ब्लाऊज, एक हातमोजा (दुसऱ्याचं चाललंय) आणि एक खणाचा स्कर्ट आहे, सगळं माझ्या हातचं. तो खण गुळेदगुड्डचा. पन्हा कमी, म्हणून तुकडे उभे जोडत गेले, आणि प्रत्येक जोडावर त्याचा काठ तसाच दिसू दिला. ऑफिसात दोघींनी ‘कुठल्या बुटीकचा’ म्हणून विचारलं. मी नुसती हसले. आई, तू असतीस तर शिलाईचा भाव सांगून मोकळी झाली असतीस.

आणि आई, नोकरी आहे. पगार वेळेवर होतो. घरी भांडण नाही, कर्ज नाही. मला माहीत आहे, ‘घरी शिवते’ म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो. तू मला मशीनवर बसू दिलं नाहीस ते याचसाठी. ‘तू अभ्यास कर, हे माझं मी बघते.’ एका ब्लाऊजचे १५ रुपये, त्यातही बायका दोन-दोन रुपयांसाठी घासाघीस करायच्या. माझी इंजिनिअरिंगची फी त्यातूनच गेली आणि आता मी हौस म्हणून तेच करतेय. तुला विचित्र वाटणार, मलाही कधीकधी वाटतं.

लोकांना मी वेगळं कारण सांगते. २०१३ साली ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझाची इमारत पडून अकराशेवर माणसं गेली. बहुतेक कपडे शिवणारीच होती, त्यांत बायका जास्त. तीनशे रुपयांचा टॉप हातात घेतला की ते आठवतं, असं मी म्हणते. खोटं नाही ते. पण खरं कारण पन्हाळ्याची सहल आहे.

सातवीत होते. तू कटपीसचा झगा शिवला होतास आणि मी ‘रेडिमेडच पाहिजे’ म्हणून जेवलेच नाही. रात्री तू बाबांच्या जुन्या शर्टाची कॉलरमागची कंपनीची पट्टी उसवलीस आणि माझ्या झग्याच्या गळ्याला आतून लावलीस. टाका बाहेरून दिसू नये असा. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी गळा उलटा करून सगळ्यांना दाखवत होते. हे तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस.

तुझ्या प्रत्येक शिलाईत भरपूर माया असायची. दर जूनला एक टीप उसवलीस की गणवेश पुन्हा बसायचा. माझे पहिले कुडते इंटरनेटवरच्या मापांनी बेतले, त्यांत माया जेमतेम एक सेंटिमीटर. दिवाळीच्या फराळानंतर एकही काखेत बसेना, आणि सैल करायला आत कापडच नाही. आता इंचभर सोडते. चाळिशीनंतर जून कधीही येतो.

बाबा, तुमच्या स्वेटरबद्दल माफी. नमुना अमेरिकेचा, त्यात ८ नंबरच्या सुया लिहिलेल्या, म्हणून मी आईच्या डब्यातल्या ८ नंबरच्या घेतल्या. त्यांची आठ म्हणजे ५ मिलिमीटर, आपली आठ म्हणजे ४. आधी चौकोन विणून मोजायचा असतो, तो कंटाळा केला. पाठ, पोट, दोन्ही बाह्या पूर्ण झाल्यावर कळलं की हा चिंटूला होईल. सगळा उसवला. उसवताना तुमची फार आठवण आली. दोन्ही हात पुढे करून, पोलिसांनी पकडल्यासारखे, लोकरीची लड मनगटांवर घेऊन तुम्ही बसायचात, आणि नाक खाजलं की मला हाक मारायचात. इथे मी लड खुर्चीच्या पाठीला अडकवते. खुर्ची बोलत नाही. नवा स्वेटर बगलेपर्यंत आलाय, लग्नात देते.

पार्सलमध्ये काय आहे ते ऐका. आईला दोन गाऊन, पुढून पूर्ण उघडे, म्हणजे डोक्यावरून घालताना डोळ्याला धक्का नको. उजव्या खिशात थेंबांची बाटली, डाव्या खिशात फोन. कापड रात्रभर भिजवून मगच शिवलंय, आटणार नाही. बाबांना दोन पायजमे, नाडीऐवजी इलॅस्टिक. सकाळी बोटं आखडतात, मी बघितलंय, ‘काही नाही’ म्हणू नका. आणि लुगड्यातून उरलेल्या तुकड्यांची छोटी गोधडी आहे, गुडघ्यांवर घ्यायला. ती कपाटात ठेवायची नाही, वापरायची.

आता नीट ऐका. थेंब घड्याळ लावून घालायचे. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, डोळा चोळायचा नाही. डॉक्टर नवा नंबर देईपर्यंत शिवण बंद. शेजारच्या काकूंचा फॉलसुद्धा नाही. आणि आई, मशीनची वादी उंदराने नेली नाही. निघताना मीच काढून पर्समध्ये टाकली. बाबांवर चिडू नकोस, त्यांना माहीत नव्हतं. लग्नाला येताना घेऊन येते आणि माझ्या हाताने चढवून देते.

वादी नाही म्हणून तू हाताने काहीतरी शिवायला घेशीलच. बटण तरी लावशीलच. म्हणून गाऊनच्या घडीत एक टाचणउशी ठेवलीय, त्यात दहा सुया दोरा ओवून टोचल्यात. पाच पांढऱ्या, तीन काळ्या, दोन लाल. दोरा जाडच घेतलाय. संपल्या की ओवत बसू नकोस, मला फोन कर.

तुमची,
ठकू